शाल्केचे पराभव आणि शाल्केची माणसे

कोल्हापुरात उभे राहून फुटबॉलवर व्याख्यान देणे म्हणजे पहिलवानाच्या घरी जाऊन त्याला खुराक शिकवण्यासारखे आहे. तेव्हा खेळ कसा खेळावा याविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. माझे नाते खेळण्याशी नसून पाहण्याशी आहे, आणि त्यातही हरताना पाहण्याशी आहे. गेली चाळीस वर्षे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून मी आमच्या पेठेच्या संघाचा पाठीराखा म्हणून मिरवतो आहे. संघाचे नाव सांगत नाही. सांगितले तर निम्मी सभा हसेल आणि निम्मी माझ्या अंगावर येईल.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीतला एक कार्यकर्ता म्हणून, आणि इतिहासावर बोला म्हणून सांगितले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते उद्यमनगरातल्या फौंड्रीत साचे भरताना आणि संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरात. तेव्हा विद्वानांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. परंतु एक प्रश्न माझ्या डोक्यात पंचवीस वर्षे आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका जर्मन फुटबॉल संघाच्या इतिहासापाशी येऊन पोचलो. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न असा. १९९८ साली शिरोलीच्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा संप झाला. एकाहत्तर दिवस चालला आणि बुडाला. का बुडाला, कोणी बुडवला, हे उकरून काढण्याची ही जागा नव्हे. माझ्याही चुका त्यात होत्या. संपाआधी दोनशेच्या वर सभासद होते, वर्ष सरता सरता नऊ उरले. त्या नवांत भट्टीवरचे एक म्हातारे कामगार होते. दर महिन्याच्या सात तारखेला ते माझ्या घरी येत, वर्गणीचे पैसे टेबलावर ठेवत आणि म्हणत, "दादा, पावती फाडा." एकदा मला राहवले नाही. मी म्हणालो, "आबा, आता युनियन उरलीय कुठं? कशाला पैसे घालवताय?" ते म्हणाले, "आपल्या पेठंचा संघ हरला म्हणून मी काय दुसऱ्या पेठंत ऱ्हायला जाऊ व्हय?"

मी पावती फाडली. पण त्या वाक्याने माझी झोप उडवली. हरणाऱ्याच्या बरोबर राहणारा माणूस शहाणा की वेडा? आणि तो राहतो, तेव्हा स्वतःच्या मनाला कसे सांभाळतो?

आता शाल्केकडे वळू. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नावाचा कोळशाचा मुलूख आहे. त्यात गेल्झेनकिर्शेन हे शहर, आणि त्या शहराचा शाल्के हा एक भाग, म्हणजे आपल्या भाषेत एक पेठच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे एक खेडे होते. मग कोळसा सापडला, खाणी खणल्या गेल्या, पोलादाचे कारखाने आले, आणि रात्री आकाश लाल दिसू लागले. या शहराला लोक 'हजार ज्वाळांचे शहर' म्हणत. खाणीत उतरायला माणसे हवी होती, ती पूर्वेकडून आली. विशेषतः पूर्व प्रशियातल्या माझुरिया या दरिद्री भागातून. ती माणसे जर्मन राज्याचीच प्रजा, पण त्यांची आडनावे पोलिश वळणाची आणि बोली निराळी, म्हणून जुने रहिवासी त्यांना हिणवत. हे आपल्याला समजावून सांगायला नको. जिथे गिरणी तिथे परगावचा मजूर, आणि जिथे परगावचा मजूर तिथे त्याला नावे ठेवणारा गावकरी, हा नियम सगळ्या पृथ्वीवर सारखाच आहे.

या वस्तीतल्या काही पोरांनी ४ मे १९०४ रोजी एक संघ काढला. पोरे चौदापंधरा वर्षांची, बहुतेक खाणीत किंवा कारखान्यात उमेदवारी करणारी. नाव ठेवले वेस्टफालिया शाल्के. फुटबॉल हा त्या काळी तिकडे कारकून आणि विद्यार्थी यांचा खेळ होता. अंगाला कोळसा लागलेल्या पोरांना अधिकृत संघटनेत सहजासहजी प्रवेश मिळत नसे. धडपडत, नावे बदलत, कधी व्यायाममंडळाच्या पंखाखाली जाऊन, १९२४ साली तो संघ 'शाल्के ०४' या नावाने स्वतंत्र उभा राहिला. निळा आणि पांढरा हे त्याचे रंग. लोक त्याला 'क्नापेन' म्हणत, म्हणजे खाणकामगार.

त्या संघात दोन खेळाडू असे निघाले की त्यांची नावे शंभर वर्षांनंतरही तिकडे आदराने घेतली जातात: एर्न्स्ट कुझोरा आणि फ्रिट्झ शेपान. दोघेही माझुरियातून आलेल्या घराण्यांतले, पुढे एकमेकांचे मेहुणेही झाले. कुझोरा 'कॉन्सोलिडेशन' नावाच्या खाणीत काम करी. यांनी खेळाची जी पद्धत बसवली तिला 'शाल्केचा भोवरा' म्हणतात. लांब फटके मारून चेंडूमागे धावायचे नाही. जवळच्या गड्याला चेंडू द्यायचा, लगेच मोकळ्या जागी सरकायचे, परत घ्यायचा, परत द्यायचा, आणि असा चेंडू फिरवत फिरवत समोरच्याला भोवंड आणायची. अरुंद गल्लीत, खाणीच्या मागच्या मोकळ्या तुकड्यावर खेळणाऱ्यांना लांब फटका मारायला जागाच नसते. त्यातून ही कला जन्मली असावी असा माझा आपला तर्क आहे. पेठेच्या बोळात खेळून मोठे झालेले आमचे खेळाडू पाहिले की हा तर्क मला पटतो.

इथवर सगळे छान. पहिला धक्का १९३० साली बसला. त्या काळी जर्मनीत फुटबॉल हौशी होता. खेळाडूला पगार द्यायचा नाही, सामन्यापोटी फार तर पाच मार्क भत्ता द्यायचा, असा नियम. शाल्केने आपल्या खेळाडूंना त्याहून अधिक दिले. ऑगस्ट १९३० मध्ये पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने चौदा खेळाडूंना व्यावसायिक ठरवून सामन्यांतून काढून टाकले. संघाचे खजिनदार विली निअर यांना हा अपमान सहन झाला नाही. त्यांनी ऱ्हाइन-हर्ने कालव्यात उडी घेऊन जीव दिला.

या प्रसंगाकडे मी खजिनदाराच्या बाजूने पाहतो, कारण मी स्वतः वर्गणीच्या पेटीवर बसलेला माणूस आहे. हौशीपणाचा नियम कोणी केला? ज्यांचे पोट खेळावर अवलंबून नव्हते त्यांनी. खाणीतून वर येऊन संध्याकाळी मैदानावर उतरणाऱ्या पोराला चार मार्क जास्त दिले म्हणून त्याला कलंकित ठरवायचे, ही साहेबी नीती. नियम मोडला हे खरेच. पण कालव्यात गेला तो खजिनदार.

पुढे काय झाले ते पाहा. बंदी वर्ष पुरते होण्याच्या आत उठली. १ जून १९३१ रोजी संघ पुन्हा आपल्या ग्ल्युकआउफ मैदानावर उतरला. 'ग्ल्युकआउफ' हा खाणकामगारांचा रामराम. खाली गेलेला माणूस सुखरूप वर येवो, असा त्याचा भाव. ते मैदान जेमतेम निम्म्या गर्दीपुरते बांधलेले. आणि त्या दिवशी तिथे सत्तर हजार माणसे आली असे सांगतात. जगभर मंदी होती, जर्मनीत बेकारांच्या रांगा लागल्या होत्या. चषक नव्हता, अजिंक्यपद नव्हते. शिक्षा भोगून परत आलेल्या आपल्या माणसांना पाहायला लोक आले होते. शाल्केच्या निष्ठेचा खरा जन्म मी १९०४ साली न मानता या दिवशी मानतो.

त्यानंतर आले वैभव. १९३४ च्या अंतिम सामन्यात न्युरेंबर्गच्या संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी कुझोराने गोल केला. अंगात हर्नियाचे दुखणे होते, गोल करून तो मैदानावर कोसळला. १९३४, १९३५, १९३७, १९३९, १९४० आणि १९४२, अशी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे शाल्केने मिळवली. वर्षे नीट ऐकलीत ना? ही सगळी हिटलरच्या राजवटीची वर्षे आहेत.

इथे पाठीराख्याची खरी परीक्षा आहे, आणि ती सामना हरण्याच्या परीक्षेहून कठीण आहे. संघाचे उपाध्यक्ष पाउल आइखेनग्र्यून हे ज्यू दंतवैद्य होते. १९३३ साली त्यांना पद सोडावे लागले. राजवटीने या संघाला मिरवले आणि संघाने मिरवून घेतले. आणि फ्रिट्झ शेपान, तो भोवऱ्याचा कलावंत, त्याने १९३८ साली शाल्केच्या बाजारपेठेतले एक कापडदुकान ज्यू मालकांकडून बळकावण्याच्या त्या काळच्या रीतीने पदरात पाडून घेतले. त्या मालकांना पुढे रीगा येथे पाठवण्यात आले आणि तिथे ते मारले गेले. अनेक वर्षे ही गोष्ट कोणी फारशी बोलत नसे. २००१ च्या सुमारास नव्या स्टेडियमजवळच्या रस्त्यांना जुन्या खेळाडूंची नावे द्यायचे ठरले, तेव्हा शेपानच्या नावावर हरकत आली आणि ते नाव मागे घेतले गेले. कुझोराचे नाव मात्र राहिले.

आपल्या लाडक्या माणसाच्या नावाची पाटी आपणच उतरवायची, यात पाठीराख्याला काय यातना होत असतील? तरी ते झाले, आणि त्याला पूर्वतयारी होती. १९९२ साली शाल्केच्या पाठीराख्यांनीच वंशद्वेषाविरुद्ध मंडळ काढले होते. १९९४ मध्ये संघाने आपल्या घटनेत वंशभेदाविरुद्ध कलम घातले. जर्मनीतल्या व्यावसायिक संघांत असे करणारा तो पहिला. घटनेतले कलम पुढे फार उपयोगी पडले. ते ओघाने सांगतो.

युद्धानंतर १८ मे १९५८ रोजी शाल्केने हॅम्बुर्गला ३–० असे हरवून सातवे अजिंक्यपद मिळवले. हे सातवे, आणि शेवटचे. त्यानंतर पिढ्या गेल्या, आठवे काही आले नाही. याच १९५८ च्या फेब्रुवारीत रूरमध्ये कोळशाचे संकट सुरू झाले होते. स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा बाजारात आला, खाणींच्या तोंडाशी न खपलेल्या कोळशाचे ढीग साचले, आणि कामगारांना बिनपगारी सुट्ट्या मिळू लागल्या. तेव्हा रूरमध्ये सुमारे १४० खाणी होत्या. त्या एकामागून एक बंद होत गेल्या. कुझोराची कॉन्सोलिडेशन १९९३ साली थांबली. बोट्रोप येथली प्रोस्पर-हानिएल ही शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली आणि दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. चार लाखांच्या घरात गेलेली गेल्झेनकिर्शेनची वस्ती दोन लाख साठ हजारांवर आली, आणि बेकारीत हे शहर जर्मनीत अगदी वरच्या क्रमांकावर जाऊन बसले. संघाच्या अजिंक्यपदाचे शेवटचे वर्ष आणि खाणीच्या उतरणीचे पहिले वर्ष एकच. एकामुळे दुसरे घडले असे मी म्हणत नाही; पण शाल्केच्या माणसाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मधल्या दुःखांची यादी लांब आहे. सगळी वाचत नाही. एक मात्र सांगतो, कारण ते केवळ पराभवाचे नाही. १७ एप्रिल १९७१ रोजी शाल्केचे खेळाडू आपल्याच मैदानावर बिलेफेल्ड या कमजोर संघाविरुद्ध पैसे घेऊन हरले. एकूण चाळीस हजार मार्क. वाटणी केली तर माणशी दोन हजारांच्या आसपास. नंतर त्यांतल्या कित्येकांनी न्यायालयात शपथेवर खोटे सांगितले, ते उघडकीस आले, आणि संघाला 'खोट्या शपथेचा क्लब' असे नाव पडले. त्या पिढीतला सर्वांत गुणी खेळाडू म्हणजे राइनहार्ड लिबुडा. याच भागातला पोरगा, उजव्या बगलेवरचा जादूगार. त्याच्यावरही बंदी आली. पुढे कुझोराने चालवलेले तंबाखूचे दुकान लिबुडाने घेतले, पण त्याला ते फार दिवस चालवता आले नाही. १९९६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो गेला. हरणारा माणूस क्षमेला पात्र असतो. हरण्याचे पैसे घेणाऱ्याचे काय करायचे? शाल्केच्या लोकांनी लिबुडाला क्षमा केली असे दिसते. मी केली असती की नाही, सांगता येत नाही. आमच्या संपातही अशी काही माणसे होती, आणि त्यांच्याशी माझे बोलणे अजून तुटकच आहे.

१९८० ते ९० या दशकात संघ तीनदा खालच्या श्रेणीत गेला. १९९७ मध्ये युरोपातला एक मोठा चषक मिलानमध्ये पेनल्टींवर जिंकून आला आणि लोकांना वाटले, दिवस पालटले. मग आला १९ मे २००१.

साखळी स्पर्धेचा तो शेवटचा दिवस. बायर्न म्युनिक तीन गुणांनी पुढे. पण बायर्न हॅम्बुर्गला हरले आणि शाल्के जिंकले तर गोलफरकाने अजिंक्यपद शाल्केचे. शाल्के आधी ०–२ ने मागे पडले, मग सावरले, आणि ५–३ ने जिंकले. तिकडे नव्वदाव्या मिनिटाला हॅम्बुर्गने गोल केला. बायर्न हरत होते! शाल्केचा सामना संपला होता. तिकडचाही सामना संपला अशी आवई उठली आणि लोक मैदानात घुसले. फटाके, मिठ्या, रडणे. त्रेचाळीस वर्षांचा वनवास संपला होता. एवढ्यात मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गचे दृश्य दिसू लागले. सामना चालूच होता. हॅम्बुर्गच्या गोलरक्षकाने आपल्याच गड्याने मागे दिलेला चेंडू हाताने उचलला आणि पंचाने गोलाच्या अगदी तोंडाशी फ्री किक दिली. हा गोलरक्षक शोबर शाल्केतच वाढलेला, त्या वर्षापुरता हॅम्बुर्गला उसना दिलेला! चौऱ्याण्णव्या मिनिटाला बायर्नच्या अंडरसनने गोल केला. बरोबरी झाली, बायर्न अजिंक्य. शाल्के चार मिनिटे अजिंक्य होते. संघाचे व्यवस्थापक रूडी आसाउअर म्हणाले की आजपासून फुटबॉलच्या देवावर माझा विश्वास नाही.

आठवड्याने शाल्केने जर्मन चषक जिंकला, पण कोणी विचारीत नाही. लोकांनी त्यांना 'हृदयांचे अजिंक्य' ही पदवी दिली. पराभूताला दिलेली गोड पदवी म्हणजे उपाशी माणसाला दिलेला फुलांचा हार.

२०१९ साली धातुकामगारांच्या एका परिषदेसाठी मला त्या भागात जाण्याचा योग आला. तिथल्या युनियनमधल्या एका निवृत्त खाणकामगाराने एक सुट्टी माझ्यासाठी खर्ची घातली. भाषेची अडचण होती, पण एक विद्यार्थिनी दुभाषी म्हणून बरोबर होती. त्याने मला पहिल्यांदा नेले ते स्टेडियममध्ये. बासष्ट हजार माणसे मावतील असे ते प्रचंड बांधकाम आहे. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तो कोळशाच्या खाणीतल्या भुयारासारखा केलेला आहे. सामन्यापूर्वी खाणकामगारांचे जुने गाणे सगळे उभे राहून म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी खाण पाहिलेलीही नाही. आत एक छोटे प्रार्थनाघर आहे, तिथे लग्ने लागतात, मुलांचे नामकरण होते. मग तो मला बेकहाउझनच्या दफनभूमीत घेऊन गेला. तिथे २०१२ पासून शाल्केच्या पाठीराख्यांसाठी स्वतंत्र जागा राखली आहे, स्टेडियमच्या आकाराची, मधे हिरवळ आणि भोवती थडगी. जागा किती? एक हजार नऊशे चार. संघाच्या स्थापनेचे वर्ष.

मला हसू आले, खोटे कशाला बोलू? पण तो हसत नव्हता. मी त्याला विचारले, इतक्या वर्षांत संघाने तुम्हाला दिले काय? त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, २००१ च्या त्या संध्याकाळी मैदानात एक अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडला. खाण बंद झाली तेव्हा आम्ही चारशे जण एकाच दिवशी बाहेर पडलो, आणि कोणी कोणाकडे पाहिलेसुद्धा नाही.

श्रोतेहो, या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. काम गेल्याचे दुःख माणूस एकटा गिळतो. त्याला वाटते, माझ्यातच काही कमी होते. संघ हरल्याचे दुःख एकट्याचे नसते. ते साठ हजार माणसांबरोबर, एकाच वेळी, मोठ्याने भोगता येते. ज्याला घरात रडायची चोरी आहे तो तिथे रडतो, शिव्या देतो, विनोद करतो आणि पुढच्या शनिवारी परत येतो. निराशेचा निचरा होण्याची ती एक वहिवाट आहे. आमच्याकडे संप बुडाल्यावर अशी वहिवाट नव्हती. आम्ही सभाच घेतली नाही, लाजेने. आज वाटते, सात तारखेला पावती फाडून घेणारे आबा बहुधा त्या सभेच्या शोधात येत होते.

पण यात एक धोकाही आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नुसती सहन करणारी निष्ठा मालकाला फार सोयीची असते. शाल्केचे अध्यक्ष क्लेमेन्स ट्योनिस हे जर्मनीतल्या मांसउद्योगाचे बडे धनी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या लोकांविषयी अत्यंत हीन उद्गार काढले. पाठीराख्यांनी घटनेतल्या त्या कलमावर बोट ठेवले. अध्यक्ष तीन महिने बाजूला झाले आणि परत आले. जून २०२० मध्ये त्यांच्या रेडा-व्हीडेनब्र्यूक येथल्या कत्तलखान्यात करोनाची साथ पसरली आणि दीड हजारांच्या आसपास कामगारांना लागण झाली. त्यांत मोठी संख्या रुमानिया-बल्गेरियातून ठेकेदारांमार्फत आणलेल्यांची, खुराड्यासारख्या खोल्यांत राहणाऱ्यांची. शंभर वर्षांपूर्वी माझुरियातून आलेल्यांचीच ही नवी आवृत्ती! त्याच काळात संघाने तरुण खेळाडूंची ने-आण करणाऱ्या दोन डझन चालकांना कामावरून काढले. आणि साथीमुळे न झालेल्या सामन्यांच्या तिकिटांचे पैसे परत हवे असतील तर आपल्या अडचणीचा पुरावा द्या, असे पाठीराख्यांना कळवले. या शेवटच्या गोष्टीबद्दल मागाहून माफी मागितली.

२७ जून २०२० रोजी हजाराहून अधिक पाठीराख्यांनी, तोंडाला मुखपट्टी बांधून, अंतर राखून, संघाच्या आवाराभोवती मानवी साखळी केली. शाल्के हा कत्तलखाना नव्हे, अशी त्यांची घोषणा होती. तीन दिवसांनी अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढे १ जानेवारी २०२१ पासून कत्तलखान्यांच्या मुख्य कामांत ठेकेदारी बंद करणारा कायदा तिथे लागू झाला. तो काही पाठीराख्यांनी आणला नाही, त्यामागे युनियनांची अनेक वर्षांची खटपट होती. पण साखळीतल्या लोकांची बाजू बरोबर होती, हे त्याने सिद्ध झाले.

ही साखळी शक्य झाली ती एका कारणाने. शाल्के ०४ कोणा शेठजीच्या मालकीचे नाही. ते सभासदांचे नोंदणीकृत मंडळ आहे, दीड लाखाहून अधिक सभासदांचे. आपल्या मुंबईत मफतलाल, ऑर्के या गिरण्यांचे फुटबॉल संघ होते, कूपरेजवर रोव्हर्स चषकात ते खेळत. गिरण्या गेल्या, संघ गेले. आज त्यांचे दुःख करायलाही कोणी उरला नाही, कारण तो संघ मालकाच्या खर्चाच्या वहीतली एक ओळ होता. शाल्केत खाण गेली आणि संघ राहिला. आपल्या पेठांचे संघ तालमींचे आहेत, म्हणून ते आहेत.

मात्र मैदानावर त्या वर्षी जे घडले ते पाहवत नव्हते. जानेवारी २०२० पासून शाल्केने साखळीत लागोपाठ तीस सामने जिंकल्यावाचून काढले. सर्वांत वाईट विक्रम १९६५-६६ च्या बर्लिनच्या टास्मानिया संघाचा, एकतीस सामन्यांचा. एकच सामना उरला असताना, ९ जानेवारी २०२१ रोजी, शाल्केने होफेनहाइमला ४–० ने हरवले. एवढा वाईट विक्रमसुद्धा यांना पुरता करता आला नाही, असा विनोद त्यांचेच लोक करीत. संपूर्ण मोसमात तीन विजय, पाच प्रशिक्षक, डोक्यावर वीस कोटी युरोंहून अधिक कर्ज. आणि २० एप्रिल २०२१ रोजी खालच्या श्रेणीत ढकलले गेले ते कोणाकडून हरून? बिलेफेल्डकडून. पन्नास वर्षे आणि तीन दिवस झाले होते त्या विकाऊ सामन्याला.

त्या रात्री खेळाडूंची बस परतली तेव्हा शेकडो लोक स्टेडियमबाहेर जमले होते. त्यांनी अंडी फेकली, खेळाडूंच्या मागे धावले, काहींना लाथा बसल्या. त्या खाणकामगाराने मला पत्रात लिहिले की आयुष्यात पहिल्यांदा त्याला शाल्केची लाज वाटली, आणि ती हरल्याची नव्हती. मीही त्याला कळवले की १९९८ च्या संपानंतर आमच्या पोरांनी कामावर परतलेल्या एकाची सायकल जाळली होती, आणि मी ती विझवायला उशीर केला होता.

पुढल्याच वर्षी, ७ मे २०२२ रोजी, सांक्ट पाउलीविरुद्ध ०–२ वरून ३–२ असा सामना जिंकून शाल्के वरच्या श्रेणीत परतले. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा खाली गेले. २०२५ साली दुसऱ्या श्रेणीत अठरांपैकी चौदावे आले. सभासदांची संख्या या काळात घटली नाही, वाढली. मग एक नवे घडले: कर्ज फेडण्यासाठी सभासदांनी भाग घेऊन स्टेडियमची मालकी हळूहळू स्वतःकडे घ्यावी, म्हणून संघाने सहकारी संस्था काढली. सहकारी संस्था! पत्र वाचून मी त्याला लगेच उत्तर लिहिले. सहकारात काय काय होऊ शकते याचा अनुभव आम्हां कोल्हापूरकरांना दांडगा आहे. वार्षिक सभा चुकवू नका, अहवाल आधी मागून घ्या आणि हिशेबाच्या पानावर बोट ठेवून प्रश्न विचारा, असे कळवले.

त्याने एक भाग घेतला आहे. आपल्या नावावर नव्हे, नातीच्या. ती सात वर्षांची आहे आणि, तो लिहितो, तिला फुटबॉलपेक्षा पोहणे आवडते. पत्राच्या शेवटी त्याने आमच्या पेठेच्या संघाचे काय झाले ते विचारले होते. त्या आदल्या रविवारीच आम्ही उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरलो होतो. तसे कळवून टाकले.